पोचल्याची तार

जिन्याचा केर अर्ध्यावर आला आणि वरच्या खोलीचं दार लागलं.

आपटलं नाही. आधी हळूच ओढलं गेलं, मग तळहातानं दाबल्यासारखं चौकटीत बसलं आणि मग कडीचा बारीकसा आवाज आला. चैत्रातली सकाळ होती, परड्यातल्या शेवग्याचं पान हलत नव्हतं. गोदावरीनं केरसुणी भिंतीला टेकवली आणि ती तिथंच पायरीवर बसली. वर कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. दार असं लावणारा माणूस कोण, तेही ठाऊक होतं. तो पौषात वारला होता.

"आज बी ऱ्हायलं व्हय?" खालच्या सोप्यातून कृष्णातनं विचारलं. तो तिचा नवरा. द्राक्षबागेतून येऊन चहाची वाट बघत बसला होता.

"ऱ्हायलं."

"आण हिकडं. मी झाडतो."

"तुमी न्हाई हात लावायचा."

"मग रविवारी सईच्या पोरी काय धुळीत लोळणार? आज्याच्या खोलीत झोपायचं म्हणून बेंगलोरास्नं येत्यात त्या."

तेच तर गोदावरीच्या काळजाला लागलं होतं. सई म्हणजे तिच्या थोरल्या दिरांची, जयराज भावजींची, एकुलती एक मुलगी. तिच्या पोरी आजोबांच्या खाटेवर झोपणार, आणि आजोबा अजून त्या खोलीत. जित्या माणसाच्या अंथरुणात गेलेला माणूस वावरत असेल, तर तिथं लेकरं कशी निजवायची? आणि भावजी गेले नसतील तर ते कुणामुळं, याचं उत्तर गोदावरीकडं होतं. तिच्यामुळं.

जयराज भावजी पाणबुडीचे कमांडर. सगळं कुंडल गाव त्यांना कमांडरसाहेब म्हणायचं, आणि म्हणताना नकळत आवाज उतरवायचं, कारण त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायला जीभच उचलत नसे. ते स्वतः कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. सुट्टीवर आले की पारावर माणसं गोळा व्हायची.

"साहेब, दर्याच्या पोटात काय काय दिसतंय वो?"

"काही नाही. खिडकी नसते."

"खिडकी न्हाई? मग आवं, एवढ्या लांब बघायला गेलासा काय?"

ते हसायचे आणि गप्प राहायचे. कुठं होतो, किती दिवस होतो, कुणासमोर होतो, यातलं अवाक्षर त्यांनी सख्ख्या आईलाही सांगितलं नाही. पण पाणबुडी त्यांच्या अंगातून कधी उतरली नाही. घरात दोन ताटांच्या मध्ये ते फडक्याची घडी ठेवत, वाजू नयेत म्हणून. मागं एकही दार उघडं सोडत नसत. नळ सोडायच्या आधी पाइपावर बोटानं ठोकून बघत. समोरून कुणी आलं की भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, कड घेऊन उभे राहत. अंगण बैलगाडी फिरेल एवढं, तरी तसेच. नव्यानं लग्न होऊन आलेल्या गोदावरीला वाटलं, थोरले भावजी आपला विटाळ मानतात. मग दिसलं की ते कुत्र्यालाही तशीच वाट देतात.

तिचं त्यांच्याशी थेट बोलणं असं कधी झालंच नाही. थोरला दीर, त्यात एवढा मानाचा. डोईवरचा पदर सारखा करायचा, ताट ठेवायचं, मागं सरायचं. काही सांगायचं झालं तर भिंतीकडं बघून सांगायचं, की बाई आज पाणी दुपारनं येणार हाय, म्हणजे भावजी ऐकतील. जन्म तसाच गेला.

आणि तरीही त्या दोघांच्या मधे एक गोष्ट होती. केराची.

माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत. हे सगळीकडंच पाळतात. घटकाभर थांबतात, माणूस वेशीबाहेर गेला असेल एवढा वेळ, आणि मग केरसुणी घेतात. पण गोदावरीच्या सासूबाईंनी ती रीत ताणून पार दर्यापर्यंत नेली. लेक घरातून निघाला म्हणजे काय पोचला नव्हे. विशाखापट्टणला गेला तरी पोचला नव्हे. तिथून तो पाण्याखाली जाणार. तो वर येऊन, पाय जमिनीला लावून, 'पोचलो' अशी तार करेल तोवर ज्या वाटेनं तो घराबाहेर पडला त्या वाटेवर केरसुणी फिरायची नाही. खाट, जिना, सोपा, उंबरा. बाकी घर झाडा, सारवा, काय हवं ते करा.

सासूबाई थकल्यावर ते काम गोदावरीकडं आलं. महिना महिना जायचा. जिन्यावर पावलं उमटायची एवढी धूळ. सोप्यात कोंबड्यांच्या नख्यांची नक्षी. पै-पाहुणा आला की नाक मुरडायचा. शेजारची साळूबाई तर तोंडावर म्हणायची, "गोदे, दीर दर्यात आन् घरात उकिरडा." गोदावरी हसून घ्यायची. देवापुढं दिवा लावताना ज्योतिबाला सांगायची, माझं घर घाण म्हणू देत, पण ती तार येऊ दे. मग कधीतरी पोस्टमन सायकल टेकवायचा. कागदावर एकच शब्द. ती वाचायला सुद्धा थांबायची नाही, आधी केरसुणी उचलायची.

भावजींना हे माहीत असेल असं तिला कधी वाटलं नाही. बायकांच्या रीती, बाप्यांना कोण सांगतं.

निवृत्त झाल्यावर ते कुंडललाच आले. सईची आई आधीच गेली होती. त्यांनी वरची आपली खोली दुरुस्त करून घेतली, आणि मग तार यायचं कारणच उरलं नाही. बरीच वर्षं घर रोजच्या रोज झाडलं गेलं. गोदावरी ती रीत विसरलीसुद्धा. असं तिला वाटत होतं.

पौषात ते झोपेतच गेले. साताऱ्याहून नौदलातली जुनी माणसं आली, तिरंगा आला, सई आली. दुपारनंतर तिरडी उठली. बायका मागं थांबल्या. मंडळी वळणावर दिसेनाशी झाली तशी साळूबाईनं रीतीप्रमाणं केरसुणी घेतली. मयताच्या मागं मात्र लगोलग झाडायचं असतं, घर धुवायचं असतं, म्हणजे गेलेल्याची पावलं घरात राहत नाहीत. ती जिन्यावरून झाडत खाली येऊ लागली.

आणि गोदावरी धावली. तिनं साळूबाईच्या हातातली केरसुणी हिसकून घेतली.

"आवं साळूमावशी, काय करतासा? भावजी आत्ता कुठं भाईर पडल्यात. आजून पोचायचं हायत."

बायका बघतच राहिल्या.

"गोदे," साळूबाई म्हणाली, "खुळी का काय गं? आता न्हाई झाडायचं तर कवा झाडायचं?"

तेव्हा कुठं गोदावरीच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. पण मुठीनं ऐकलं नाही. केरसुणी तिनं उराशी धरली होती आणि बोटं उघडेनात. बायकांनी समजावलं, कुणी पाणी पाजलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. बोटं सुटली तोवर पुरुष मंडळी परत येऊन अंगणात पाय धूत होती. वेळ गेली होती. वरच्या पायऱ्या झाडलेल्या, खालच्या तशाच.

दहावा झाला, तेरावा झाला. भटजींना विचारलं तर म्हणाले, विधी यथासांग झालेत, मनात किंतु आणू नका. पण मनात आणायला लागतच नव्हतं. दुपारी सोपा निवांत असला की वर पाइपावर ठकठक व्हायची. टाकीचा नळ बंद असताना. कपाट उघडलं की डिझेलचा वास यायचा, त्यांच्या जुन्या वर्दीला यायचा तो, आणि ती वर्दी तर सईनं नेली होती. ताटांच्या मध्ये एकदा फडक्याची घडी सापडली. आपणच ठेवली असेल, असं गोदावरीनं स्वतःला सांगून बघितलं. आणि जिना झाडायला घेतला की, जिथवर साळूबाईचं झाडणं थांबलं होतं त्या पायरीवर, वरचं दार लागायचं. जणू कुणी म्हणतंय, थांब, मी अजून पोचलो नाही.

साळूबाई म्हणाली, "दहीभात ठेव वर आन् सांग, जावा म्हणावं आता." गोदावरीनं दहीभात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मांजरानं खाल्ला आणि दार परत लागलं.

शुक्रवारी साताऱ्यात त्यांच्या स्मरणाची सभा होती. नौदलातल्या निवृत्त लोकांनी ठेवली होती. कृष्णात आणि गोदावरी पहाटेच्या एसटीनं निघाले, कराडला गाडी बदलली. सदरबझारातल्या हॉलमध्ये भावजींचा मोठा फोटो, त्याला हार. कमांडरसाहेब किती शांत, किती नेमके, त्यांच्या हाताखाली माणूस किती निर्धास्त असायचा, असं एकेकजण बोलला. गोदावरी शेवटच्या रांगेत बसून फोटोकडं बघत होती. फोटोतसुद्धा ते जरा कडेलाच उभे होते.

सभेनंतर चहा होता. एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ कप घेऊन त्यांच्याकडं आले. महेंद्र त्यांचं नाव. माण तालुक्यातले, दहिवडीकडचे, पण नौदलातून सुटल्यावर साताऱ्यातच घर केलेले. भावजींच्या हाताखाली पाणबुडीवर कित्येक वर्षं होते. कृष्णातला नमस्कार करून ते गोदावरीकडं वळले आणि जरा निरखून म्हणाले,

"कुंडलच्या वहिनी ना तुम्ही? केर न काढणाऱ्या?"

गोदावरीच्या हातातली बशी कलंडली.

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"अख्ख्या पाणबुडीला माहीत होतं, वहिनी." ते हसले. "खाली गेल्यावर कधी कधी आवाज बंद करायची वेळ यायची. बूट काढायचे, चमचा पडू द्यायचा नाही, खोकला आला तर उशीत. माणूस हलला की ऐकू जातं बाहेर. तवा साहेब एकेकाच्या कानाशी येऊन सांगायचे, गावी आमच्या वहिनीनं केरसुणी भिंतीला टेकवून ठेवलीय, मी पोचेपर्यंत उचलणार नाही. तुम्ही पण हातपाय तसेच टेकवून बसा. हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती."

"वहिनी म्हणायचं?" गोदावरीनं विचारलं. ती धाकट्या भावाची बायको. तिला ते घरात 'बाई' सुद्धा म्हणाले नव्हते.

"हां. एकदा केरळचा एकजण म्हणाला, सर, मग घरात धूळ साचत असेल. साहेब म्हणाले, साचते की. म्हणून तर वर यायचं."

कृष्णातनं चष्मा काढून पुसला. आणि बंदराला लागल्यावर पोस्टात तार करायला मलाच धाडायचे, महेंद्र म्हणाले. एकच शब्द. पोस्टातला माणूस म्हणायचा, पैसे भरताय तर आणखी चार शब्द लिहा की राव.

ती एका शब्दाची तार या हातांनी केलेली होती. गोदावरीनं त्या हातांकडं बघितलं, आणि मग तिनं जे साळूबाईलाही नीट सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सगळं सांगितलं. तिरडी, हिसकलेली केरसुणी, दार, वास, रविवारी येणाऱ्या पोरी. पदर तोंडाला लावून, खाली बघत, भराभरा.

महेंद्रनी कप खुर्चीवर ठेवला. "वहिनी, मी बौद्ध. आमच्यात आत्मा मानत नाहीत. मी म्हणणार दार वाऱ्यानं लागलं."

"वारं नव्हतं."

"मग नव्हतं," ते म्हणाले. तिला खोटं पाडायची त्यांना हौस दिसली नाही.

"तुमीच सांगा की मला," गोदावरी म्हणाली. "तार तुमीच करायचा न्हवं? म्हणा नुस्तं, पोचलं म्हणून. मी तेवढ्यावर झाडीन. माझं तेवढ्यावर भागंल."

महेंद्रनी टकलावरून हात फिरवला. हॉलमधल्या खुर्च्या कुणीतरी एकात एक घालत होतं, तो आवाज होत राहिला.

"नाही म्हणणार, वहिनी. रागावू नका. साहेबांनी सांगितल्याशिवाय मी एकदाही तार केली नाही. आता कशी करू?"

"मग मी काय करावं?"

"ते मला कळत नाही. पण एक बघितलंय ते सांगतो. धक्क्याला लागलो की आम्हाला घाई, कधी एकदा उन्हात जातो. शिडी एकच, अरुंद. साहेब त्या शिडीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे राहायचे. एकेकाला वाट द्यायचे. शेवटचा माणूस वर गेला की आतून पुन्हा एक चक्कर, एकेक दार लावत. मग स्वतः चढायचे. आणि मग मला सांगायचे, जा, तार कर." त्यांनी कप उचलला, त्यात चहा नव्हता, परत ठेवला. "बोट लागली म्हणजे पोचलो, असं त्यांच्या लेखी नव्हतंच. सगळी उतरली पाहिजेत."

परतीच्या गाडीत गोदावरी खिडकीशी बसली. कराडला गाडी बदलली, तरी तिनं खिडकीच धरली. जप करायला माळ काढली होती, ती हातात तशीच राहिली. अडकलेत, आपण त्यांची वाट अडवली, असं ती पौषापासून मनाशी घोकत आली होती. कडेला उभं राहून वाट देणारा माणूस अडकलेला दिसतो का? तिनं इतकी वर्षं त्यांना तसं उभं बघितलं होतं. सोप्यात, अंगणात, जिन्याच्या वळणावर. आधी दुसरी माणसं, मग आपण.

"गप का गं?" कृष्णातनं विचारलं.

"भावजी अडकलं न्हाईत."

"मग?"

"थांबल्यात."

"कुणासाठनं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. कृष्णातला ते कळायला जरा वेळ लागला. बाहेर उसाच्या मोळ्या भरलेला ट्रॅक्टर मागं पडला. मग तो म्हणाला,

"त्यास्नी सांग, मला काय घाई न्हाई म्हणावं."

"मला बी न्हाई," गोदावरी म्हणाली. दोघं हसली, आणि हसून झाल्यावर कृष्णातनं आपला हात तिच्या माळेच्या हातावर ठेवला, तो कुंडल येईपर्यंत काढला नाही.

शनिवारी पूजा आटोपून तिनं देवापुढं दिवा लावला. देवाला काही मागितलं नाही, फक्त बराच वेळ उभी राहिली. मग केरसुणी घेऊन वर गेली.

खोलीचं दार तिनं उघडलं. खाट, खुर्ची, भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पौषाचं पान. खाटेखालून झाडत ती दारापर्यंत आली, आणि मग जिन्याला लागली. वरच्या पायऱ्या झाल्या. वळणाची ती पायरी आली.

तिथं गारवा होता. चैत्रात, पत्र्याच्या सावलीत असा गारवा नसतो. आणि डिझेलचा वास, कपाटातल्यापेक्षा जवळचा. गोदावरी या वेळी पायरीवर बसली नाही. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला. भिंतीच्या ज्या बाजूला ते उभे राहत त्या बाजूला वळली. आजवर भिंतीला बोलून त्यांना ऐकवलं होतं. आता भिंत सोडून त्यांनाच बोलायचं होतं, आणि समोर भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं.

"सरका जरा, भावजी," ती म्हणाली. "सईच्या पोरी यायच्यात उद्या."

एखाद्या माणसाला पाठ भिंतीला लावून अंग आत ओढायला लागतो, तेवढा वेळ ती थांबली. मग वाकून ती पायरी झाडली. भिंतीकडच्या अंगाला केरसुणी जपून फिरवली, कुणाच्या पायाला लागू नये अशी.

वर दार लागलं. आधी ओढलं गेलं, मग दाबलं गेलं, मग कडी. तिनं हात थांबवला नाही. खालची पायरी, तिच्या खालची, मग सोपा, मग उंबरा. पौषापासूनची धूळ निघाली, करडी आणि मऊ, तिच्यात चिमणीचं एक पीस आणि त्या दिवशीच्या हारातल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. तिनं सगळं सुपलीत भरलं आणि परड्यातल्या उकिरड्यावर नेऊन टाकलं.

परत आली तेव्हा कृष्णात उंबऱ्याशी उभा होता. झाडलेल्या सोप्याकडं आणि जिन्याकडं बघत.

"गेला का दादा?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"न्हाई."

"मग पोरी?"

"निजू देत वर. त्यांचं आजोबा हायत."

कृष्णातनं मान हलवली. मग जिन्याच्या कडेनं, भिंतीकडची बाजू मोकळी सोडून, तो सईच्या पोरींसाठी धुतलेल्या चादरी घेऊन वर गेला.

गोदावरीनं हात धुतले आणि भाकरीच्या पिठाचा डबा उघडून बघितला. तळाला मूठभर राहिलं होतं, आणि सईला रात्रीला भाकरीच लागायची. तिनं जोंधळे पाखडून पिशवीत भरले, पिशवी कमरेवर घेतली आणि दळण टाकायला गिरणीकडं निघाली.